सावित्रीवरचा पूल

नववीच्या प्रतापगड सहलीत आपली लाल एसटी महाड सोडून पोलादपूरच्या रस्त्याला लागली, तेव्हा भेंड्या ऐन रंगात होत्या. भूगोलाच्या बाईंनी त्या थांबवून सगळ्यांना खिडकीबाहेर बघायला लावलं. "ही सावित्री. महाबळेश्वरला उगम पावते." दगडी कमानींचा जुना पूल होता. तो ओलांडला आणि पुन्हा 'म'वरून गाणं सुरू.

तो पूल 1928 चा. 2001 साली शेजारी दुसरा झाला, तरी जुन्याला निवृत्ती मिळाली नाही. मुंबईकडे येणाऱ्या गाड्या त्याच्यावरूनच जात राहिल्या. 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री सावित्रीला मोठा पूर आला आणि तो कोसळला. जयगड-मुंबई आणि राजापूर-बोरिवली या दोन एसटी आणि एक तवेरा काळोखात नदीत गेल्या. जवळच्या गॅरेजमधल्या एका कामगाराने पूल पडलेला पाहिला आणि मागून येणाऱ्यांना सावध केलं, नाहीतर आणखी किती गाड्या गेल्या असत्या! बुडालेल्या एसटी शोधायला 300 किलोंचं लोहचुंबक क्रेनने नदीत सोडावं लागलं.

मला आजही खटकतं ते वेगळंच. त्याच वर्षीच्या मे महिन्यात पुलाची तपासणी झाली होती आणि तो धोकादायक नाही, असं ठरलं होतं. मे महिन्यातली सावित्री आणि ऑगस्टमधली सावित्री एकच का? त्यातून कमानी एकमेकींना रेटून उभ्या असतात. मधला एक खांब गेला की शेजारच्या कमानीही त्याच्यामागे जातात. आमच्याकडेही चाचणीत पास झालेला प्रोग्रॅम गर्दीच्या दिवशी बंद पडतो. पण तो पुन्हा चालू करता येतो.

नवा काँक्रीटचा पूल 165 दिवसांत उभा राहिला. लांबी 239 मीटर, रुंदी 16 मीटर. पुढचा पावसाळा गाठायचा होता, आणि 5 जून 2017 ला तो खुला झालासुद्धा. कौतुक आहेच. पण 165 दिवसांत होण्यासारखं काम होतं, तर दोन एसटी जाईपर्यंत ते का थांबलं?

मध्यंतरी लेकाला प्रतापगडला नेलं. "ही सावित्री," असं बाईंसारखं म्हणेपर्यंत गाडी पलीकडे गेली होती. त्याने विचारलं, "कुठेय नदी?"