तयार सॉफ्टवेअर की सोर्स कोड: इन्स्टॉल करताना जास्त सुरक्षित काय?

सॉफ्टवेअर दोन रूपांत मिळते. एक तयार फाइल, जी डाउनलोड करून लगेच चालवता येते. उदाहरणार्थ, अँड्रॉइडची एपीके. दुसरे सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रामरने लिहिलेला मूळ मजकूर. तो कंपाइल केला की तयार फाइल बनते.

सोर्स कोड सुरक्षित का मानतात?

तयार फाइलच्या आत काय आहे ते सहज वाचता येत नाही, सोर्स कोड मात्र कोणीही तपासू शकतो. पण तपासता येणे वेगळे आणि कोणीतरी खरोखर तपासलेला असणे वेगळे. न वाचता कंपाइल केलेला कोडही शेवटी विश्वासावरच घेतलेला असतो.

२०२४ मध्ये काय घडले?

एक्सझेड यूटिल्स हे लिनक्सवर फाइल्सचा आकार कमी करणारे सॉफ्टवेअर. त्याच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत चोरवाट सापडली. 'जिया टॅन' या नावाने वावरणाऱ्या व्यक्तीने दोनेक वर्षे प्रकल्पात काम करून आधी विश्वास कमावला होता. ही चोरवाट जोडणारी स्क्रिप्ट सार्वजनिक कोडसाठ्यात नव्हतीच. डाउनलोडसाठी ठेवलेल्या सोर्सच्या गठ्ठ्यात ती होती. म्हणजे लोक वाचत होते एक आणि कंपाइल होत होते दुसरेच. एसएसएच लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतो, याचा माग काढताना आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला हे सापडले. २९ मार्च २०२४ रोजी त्यांनी ते जाहीर केले.

मग तयार फाइल घ्यावी का?

घ्यायला हरकत नाही, पण ती कुठून आली हे पाहावे. २०१६ मध्ये लिनक्स मिंटची वेबसाइट हॅक करून डाउनलोडची लिंकच बदलली गेली होती. अशा वेळी त्याच पानावरचा चेकसम पुरेसा ठरत नाही, कारण हल्लेखोर तोही बदलू शकतो. निर्मात्याची डिजिटल सही तपासणे जास्त भरवशाचे. डेबियनसारखे प्रकल्प आणखी पुढे गेले आहेत: त्याच कोडपासून कोणीही फाइल बनवली तरी ती तंतोतंत सारखी यावी, असा त्यांचा प्रयत्न असतो. तसे झाले की फाइल आणि कोड यांचा मेळ कोणालाही पडताळता येतो.

सामान्य वापरकर्त्याने काय करावे?

• अ‍ॅप अधिकृत स्टोअरमधून किंवा निर्मात्याच्या साइटवरूनच घ्यावे.
• व्हॉट्सअ‍ॅपवर लग्नपत्रिका किंवा ई-चलान म्हणून आलेली एपीके उघडू नये.
• अ‍ॅप कामाशी संबंध नसलेल्या परवानग्या मागत असेल, तर नकार द्यावा.
• अपडेट्स वेळेवर करावेत.