युरोपीय पोकर-मालिकेचा उदय

पोकर हा पत्त्यांचा खेळ युरोपला नवा नव्हता. नवे होते ते त्याचे वार्षिक पंचांग. ते घडविले इंग्रज दूरचित्रवाणी-दिग्दर्शक जॉन डथी यांनी. सन २००० मध्ये आइल ऑफ मॅन येथील एका स्पर्धेत त्यांनी दहा लक्ष पौंड जिंकले होते. त्यांच्या ‘युरोपियन पोकर टूर’चा आरंभ २००४ च्या सप्टेंबरात बार्सिलोना येथे झाला. २२९ खेळाडूंत स्वीडनचा अलेक्झांडर स्टेविक विजयी ठरला. पहिल्या हंगामात सात नगरांतील स्पर्धा एका सूत्रात गुंफल्या गेल्या व मार्च २००५ मध्ये मोंटे कार्लो येथे सांगता झाली.

या वाढीचे श्रेय केवळ खेळाच्या गुणांस देणे युक्त नव्हे. झाकलेली पाने टिपणाऱ्या कॅमेऱ्यामुळे डाव प्रेक्षणीय झाला होता. ब्रिटिश दूरचित्रवाणीवर ही युक्ती १९९९ पासून रूढ होती. दुसरे कारण अधिक बलवत्तर. इंटरनेटवरील अल्प शुल्काच्या पात्रता-डावांतून सामान्य मनुष्यही मुख्य स्पर्धेत बसू लागला. २०१६ साली बार्सिलोनाच्या मुख्य स्पर्धेत १,७८५ प्रवेश नोंदले गेले. पण हे डाव भरविणारी ‘पोकरस्टार्स’ कंपनीच मालिकेची आश्रयदाती होती. तिने २०१७ मध्ये मालिकेचे नावच पुसले आणि २०१८ मध्ये, खेळाडूंची नाराजी पाहून म्हणा वा व्यापारी हिशेबाने म्हणा, तेच नाव पुन्हा लाविले.