सचिनचा चेहरा, झुनझुनवालांचा पैसा आणि एका कायद्याचा दणका : 'नझारा' उभी करणाऱ्या नितीश मित्तरसेन यांची गोष्ट

संध्याकाळी कुर्ल्याहून कुठलीही लोकल पकडा. उभं राहायला जागा नसते, पण हातात मोबाईल असतो आणि त्यावर गेम चालू असतो. कुणी क्रिकेटची मॅच खेळतंय, कुणी बंदूक घेऊन पळतंय. आईच्या मांडीवरचं पोरगं छोटा भीमला पळवतंय.

यातले बरेच गेम परदेशी कंपन्यांचे असतात. पण मोबाईल गेमचा धंदा करून थेट शेअर बाजारात पोहोचलेली एक कंपनी आपल्या मुंबईतली आहे. तिचं नाव नझारा टेक्नॉलॉजीज. ही कंपनी सुरू करणारे नितीश मित्तरसेन तेव्हा फक्त १९ वर्षांचे होते.

सुरुवात झाली आणि बाजार कोसळला

गोष्ट आहे १९९९ची. तेव्हा इंटरनेट म्हणजे सायबर कॅफे, नाहीतर टेलिफोनच्या वायरवरून करकरत जोडलं जाणारं कनेक्शन. नावापुढे 'डॉट कॉम' लागलं की गुंतवणूकदार पैसे घेऊन यायचे. याच लाटेत डिसेंबर १९९९ मध्ये मुंबईत 'नझारा डॉट कॉम' या नावानं कंपनीची नोंदणी झाली. नितीश यांचे वडील विकाश मित्तरसेन उद्योजक. पुढे तेच कंपनीचे अध्यक्ष झाले.

पण टायमिंग चुकलं. २००० मध्ये जगभरातला डॉट कॉमचा फुगा फुटला. कालपर्यंत दारात उभे असलेले गुंतवणूकदार दिसेनासे झाले. त्या काळातल्या कितीतरी वेबसाईट्सची आज नावंही कुणाला आठवत नाहीत. नझारा टिकली, कारण तिनं वेळेत रस्ता बदलला. कॉम्प्युटर सोडून ती मोबाईलकडे वळली.

सचिन आणि बॅलन्समधून कापले जाणारे पैसे

तेव्हा स्मार्टफोन नव्हते. छोट्या स्क्रीनचे, बटणांचे फोन होते. त्यावर रिंगटोन, वॉलपेपर आणि साधे गेम चालायचे. नझारानं सचिन तेंडुलकरच्या नावाचे हक्क मिळवले आणि त्याच्यावरचा मोबाईल कंटेंट विकायला सुरुवात केली.

आता प्रश्न होता, लोक पैसे देणार कसे? यूपीआय नव्हतं, कार्ड मोजक्या लोकांकडे होतं. मग मार्ग निघाला मोबाईल कंपन्यांचा. ग्राहकानं गेमची सेवा सुरू केली की त्याच्या बॅलन्समधून रोजचे किंवा आठवड्याचे थोडे पैसे कापले जायचे. त्यातला मोठा वाटा मोबाईल कंपनी ठेवायची आणि उरलेला गेमवाल्याला मिळायचा.

वाटा कमी, पण गिऱ्हाईक प्रचंड. हेच मॉडेल घेऊन नझारा आफ्रिका आणि आखाती देशांतही गेली. छोटा भीम, मोटू पतलू यांचे गेमही तिनं आणले.

या मॉडेलची दुसरी बाजूही होती. न मागता सेवा सुरू होते आणि बॅलन्स जातो, अशा तक्रारी देशभरातून यायला लागल्या. मग दूरसंचार नियामक ट्रायनं नियम केला की ग्राहकानं दोनदा होकार दिल्याशिवाय अशी सेवा सुरू करायची नाही. पुढे २०१६ मध्ये जिओ आलं, डेटा स्वस्त झाला आणि लोक थेट प्ले स्टोअरवरून फुकट गेम घ्यायला लागले. बॅलन्समधून पैसे कापायचा धंदा फार दिवस पुरणार नव्हता.

स्वतः बनवण्यापेक्षा विकत घ्या

इथे नझारानं जी चाल खेळली, त्यातच मित्तरसेन यांच्या कामाची पद्धत दिसते. गेमचा धंदा बेभरवशाचा. वर्षानुवर्षं खपून बनवलेला गेम लोकांनी उचललाच नाही, तर सगळा खर्च पाण्यात. म्हणून एकाच गेमवर सगळं लावण्यापेक्षा, चालत असलेल्या छोट्या कंपन्यांत मोठा हिस्सा घ्यायचा आणि संस्थापकांनाच कंपनी चालवू द्यायची, असं ठरलं.

डिसेंबर २०१७ मध्ये शेअर बाजारातले दिग्गज राकेश झुनझुनवाला यांनी नझारात सुमारे १८० कोटी रुपये गुंतवले. त्याच सुमारास खरेदीचा धडाका सुरू झाला. 'वर्ल्ड क्रिकेट चॅम्पियनशिप' बनवणारी चेन्नईची नेक्स्ट वेव्ह मल्टिमीडिया आली. ई-स्पोर्ट्सच्या स्पर्धा भरवणारी नॉडविन आली. खेळांच्या बातम्या देणारी स्पोर्ट्सकीडा आली. लहान मुलांचं 'किडोपिया' ॲप बनवणारी मुंबईचीच पेपर बोट ॲप्सही आली. हे ॲप मुंबईत बनतं, पण त्याची मोठी कमाई होते अमेरिकेत.

१७५ पट मागणी

मार्च २०२१ मध्ये नझाराचा आयपीओ आला. ११०१ रुपयांचा शेअर, ५८३ कोटींचा इश्यू आणि मागणी आली सुमारे १७५ पट. ३० मार्चला शेअर बाजारात उतरला तो थेट १९०० च्या वर.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. हा पूर्ण इश्यू 'ऑफर फॉर सेल' होता. म्हणजे जुन्या भागधारकांनी आपले शेअर विकले आणि पैसे त्यांना मिळाले, कंपनीच्या तिजोरीत आले नाहीत. आणखी एक, पुढे २०२२ आणि २०२५ मध्ये बोनस शेअर दिले गेले आणि २०२५ मध्ये शेअरचं विभाजनही झालं. त्यामुळे तेव्हाचा ११०१ आणि आजचा भाव यांची सरळ तुलना करता येत नाही.

२०१५ पासून सीईओपदी मनीष अग्रवाल होते. २०२२ च्या अखेरीस ते बाहेर पडले आणि सीईओची खुर्ची पुन्हा नितीश यांच्याकडे आली.

पोकरवरचा मोठा डाव

त्या काळात भारतातल्या ऑनलाइन गेमिंगची सर्वांत मोठी कमाई होती पैसे लावून खेळायच्या गेम्समध्ये. रमी, पोकर, फॅन्टसी क्रिकेट वगैरे. ऑक्टोबर २०२३ पासून सरकारनं यात भरलेल्या पूर्ण रकमेवर २८ टक्के जीएसटी लावला, तेव्हाच या धंद्यावरचं संकट दिसायला लागलं होतं.

तरीही सप्टेंबर २०२४ मध्ये नझारानं 'पोकरबाझी' चालवणाऱ्या मूनशाईन टेक्नॉलॉजीजमध्ये जवळपास निम्मा हिस्सा घ्यायचा व्यवहार जाहीर केला. किंमत होती सुमारे ९८० कोटी. एका गेमवर सगळं लावायचं नाही म्हणणाऱ्या कंपनीनं एका पोकरवर एवढा मोठा डाव लावला होता.

मग आला ऑगस्ट २०२५. २० तारखेला ऑनलाइन गेमिंगचं विधेयक लोकसभेत मांडलं आणि त्याच दिवशी मंजूरही झालं. २१ ला राज्यसभेनं होकार दिला, २२ ला राष्ट्रपतींची सही झाली. तीन दिवसांत विषय संपला. विधेयक आलं त्याच दिवशी नझाराचा शेअर १० टक्क्यांहून जास्त पडला. झुनझुनवालांच्या पत्नी रेखा यांनी मात्र त्याआधीच, जून २०२५ मध्ये, आपला सगळा हिस्सा विकला होता.

कायदा काय सांगतो?

कौशल्याचा असो की नशिबाचा, पैसे लावून खेळायचा कुठलाही ऑनलाइन गेम चालवायचा नाही. चालवला तर तीन वर्षांपर्यंत कैद, एक कोटीपर्यंत दंड किंवा दोन्ही. जाहिरात करणाऱ्यालाही शिक्षा आहे, खेळणाऱ्याला नाही. ई-स्पोर्ट्स आणि पैसे न लावता खेळायच्या गेम्सना मात्र कायद्यानं मोकळीक दिली आहे. याच कायद्यामुळे मुंबईच्याच ड्रीम११ नं पैशांच्या स्पर्धा बंद केल्या आणि टीम इंडियाच्या जर्सीवरून तिचं नाव गेलं.

पोकरबाझीचे पैशांचे डाव थांबले. नझाराला मूनशाईनमधली ९०० कोटींहून जास्त गुंतवणूक हिशेबातून उतरवावी लागली. ११०१ रुपयांच्या शेअरसाठी लोकांनी रांगा लावल्या, त्या अख्ख्या आयपीओपेक्षाही ही रक्कम मोठी.

मग कंपनी बुडाली का?

नाही. पोकरबाझीचा हिस्सा निम्म्याहून कमी असल्यानं तिची उलाढाल नझाराच्या उत्पन्नात धरलीच जात नव्हती. रोजचं उत्पन्न बाकीच्या कंपन्यांतून येत होतं. शिवाय त्याच वर्षी नझारानं 'ह्युमन फॉल फ्लॅट' या जगभर खेळल्या जाणाऱ्या गेमची ब्रिटिश प्रकाशक कर्व्ह गेम्स विकत घेतली. दिवाळखोरीत गेलेली 'स्मॅश' ही मनोरंजन केंद्रांची साखळीही घेतली. गंमत म्हणजे या स्मॅशलाही एकेकाळी सचिन तेंडुलकरचं पाठबळ होतं.

मित्तरसेन यांच्या २५ वर्षांत तीन मोठे धक्के दिसतात : डॉट कॉमची पडझड, स्वस्त डेटा आणि २०२५ चा कायदा. पहिल्या दोन वेळी बाजार बदलला आणि कंपनीनं धंदा बदलला. तिसऱ्या वेळी बदलायला वेळच मिळाला नाही. अनेक कंपन्यांत पैसा पसरून ठेवल्यामुळे नझारा वाचली आणि तो नियम जिथे मोडला, तिथेच तिला सर्वांत मोठा फटका बसला.