निळा उजेड आणि लासलगावचा कांदा

उन्हाळ कांदा चाळीत पडला की त्याचा हिशेब तीन वाटांनी बिघडतो. वजन घटते, सड लागते आणि पावसाळा सरता सरता कोंब फुटतो. पहिल्या दोन वाटा अडवायला शेतकऱ्याने चाळ जमिनीपासून उचलली, भिंतीत फटी ठेवल्या, वारा खेळता केला. कोंब मात्र वाऱ्याला जुमानत नाही. त्याच्यावरचा उतारा घेऊन भाभा अणुसंशोधन केंद्राचा ‘कृषक’ प्रकल्प २००२ साली लासलगावात सुरू झाला. कोबाल्ट-६० या धातूचे गॅमा किरण काही काळ कांद्यातून जाऊ द्यायचे, म्हणजे गाभ्यातल्या वाढणाऱ्या पेशींची विभागणी थांबते आणि कोंब येत नाही. तेव्हापासून एक शंका या कांद्याला चिकटली आहे: अणुभट्टीच्या टाकीत पाणी निळे चमकते, त्याच जातीचे किरण कांद्यातून गेले, मग कांद्यात काहीतरी उरले असणारच. या शंकेचे मूळ कांद्यात नाही, त्या निळ्या रंगाच्या वाचनात आहे.

या रंगाचे आपल्याकडचे पहिले दर्शनच भारावून टाकणारे होते. तुर्भ्याची भट्टी ४ ऑगस्ट १९५६ रोजी सुरू झाली. तिचा गाभा उघड्या टाकीतल्या पाण्यात बुडवलेला होता, त्यामुळे वरून डोकावले की खालचा निळा उजेड दिसे. २० जानेवारी १९५७ च्या उद्घाटनात पंडित नेहरूंनी तिला नाव दिले ‘अप्सरा’. नाव नेमके बसले, कारण अप् म्हणजेच पाणी. पण देखणे नाव मिळाले म्हणून कोडे सुटत नाही, आणि तो उजेड म्हणजेच किरणोत्सार, ही समजूत तशीच राहिली. कोडे खरे तर आधीच सुटले होते. रेडियमच्या तीव्र द्रावणातली निळसर झाक मेरी क्युरींना विसाव्या शतकाच्या आरंभीच दिसली होती. पुढे सर्गेई वाविलोव्ह यांच्या हाताखाली काम करणारे पावेल चेरेन्कोव्ह अंधारात बसून डोळे सरावेपर्यंत थांबत आणि मग हा फिका उजेड मोजत. १९३४ साली त्यांनी दाखवले की द्रवात कोणताही चमकणारा पदार्थ नसला तरी उजेड पडतोच, म्हणजे ही नेहमीची प्रदीप्ती नव्हे. इगोर टाम आणि इल्या फ्रांक यांनी १९३७ साली कारण मांडले, आणि १९५८ चे नोबेल तिघांना मिळून मिळाले.

कारण वेगाचे आहे. निर्वात पोकळीत प्रकाश सेकंदाला तीन लाख किलोमीटर जातो, पाण्यात सव्वादोन लाखांवर येतो. पोकळीतल्या प्रकाशाला कोणी मागे टाकू शकत नाही, पाण्यातल्या मंदावलेल्या प्रकाशाला मात्र टाकता येते. गॅमा किरण पाण्यातल्या इलेक्ट्रॉनला धडकतो, इलेक्ट्रॉन सुसाट सुटतो आणि वाटेतल्या रेणूंना क्षणभर हलवतो. ते सावरताना बारीक लाटा सोडतात; इलेक्ट्रॉन त्या लाटांच्या पुढे पळत असेल तर त्या एकमेकींवर चढून एकच ठळक लाट होते. ओझरला बनणारी लढाऊ विमाने आवाजाच्या पुढे गेली की धडाका होतो, त्याचेच हे प्रकाशातले भावंड. लहान लांबीच्या लाटा यात जास्त, त्यातला अतिनील भाग डोळ्याला दिसत नाही, म्हणून निळा उरतो. यासाठी इलेक्ट्रॉनला सुमारे २.६ लाख इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा लागते, आणि कोबाल्टच्या किरणांनी उडवलेल्या इलेक्ट्रॉनची ऊर्जा ११ लाखांपर्यंत जाते. म्हणून पाणी उजळते. हवेत हा उंबरठा ऐंशीपट उंच, म्हणून किरण देण्याच्या खोलीतली हवा काळीच राहते. ज्या केंद्रांत कोबाल्ट खोल पाण्यात ठेवतात, तिथे तो वर उचलला की टाकी त्याच क्षणी विझते. उजेड पाण्याच्या अंगात मुरत नाही.

आता गंमत अशी की कांदाही बहुतांशी पाणीच आहे. तेव्हा किरणांसमोरून जाताना त्याच्या पाकळ्यांतही हा उजेड उमटतो. शंका घेणाऱ्याचे इतके म्हणणे मान्यच करायला हवे. पण तो तिथेच संपतो. कांदा स्वतः किरणोत्सारी व्हायचा तर इलेक्ट्रॉन उडवून भागत नाही, अणूचे केंद्रक फोडावे लागते. पाण्यात तुरळक असणाऱ्या जड हायड्रोजनचे केंद्रक फोडायलाही २२ लाख इलेक्ट्रॉन-व्होल्ट लागतात, कार्बन-ऑक्सिजनला दीड कोटीहून अधिक. कोबाल्टच्या किरणांची ऊर्जा ११.७ आणि १३.३ लाख. उजेडाचा उंबरठा ती सहज ओलांडते, केंद्रक फोडण्याच्या उंबरठ्यापर्यंत पोहोचतच नाही. यावर कोणी म्हणेल, केंद्रक सोडा, पण रेणू तर तुटतात. तुटतात, आणि तव्यावरही तुटतात. कांद्याला मिळणारी मात्रा ६० ते ९० ग्रे (ग्रे हे किरणांच्या मात्रेचे एकक). साठ ग्रेने कांद्याचे तापमान एका अंशाचा पन्नासावा भागही वाढत नाही. जागतिक आरोग्य संघटना आणि तिच्या सहयोगी संस्थांच्या तज्ज्ञ समितीने १९८० साली १० हजार ग्रेपर्यंत मात्रा दिलेल्या अन्नात विषारी धोका नसल्याचा निर्वाळा दिला, आणि १९९४ साली भारताने कांदा, बटाटा व मसाल्यांना परवानगी दिली.

खरा अवघड आक्षेप वेगळाच आहे. इतके निर्धोक आहे, तर आजही चाळीच का भरतात? लोक घाबरले, हे सोयीचे उत्तर झाले. विकिरण कोंब थांबवते. सड आणि घट थांबवत नाही, त्यासाठी शीतगृह वेगळे लागतेच. शिवाय मात्रा काढणीनंतर, कांदा झोपेत असतानाच द्यावी लागते. कोंब हलू लागला की उपयोग नाही. म्हणजे नाशिक जिल्ह्याचा अफाट माल मार्च ते मेच्या मोजक्या आठवड्यांत एका दारातून न्यायचा, आणि तोही किलोला चार पैसे जास्त खर्च सोसेल अशा भावाची खात्री नसताना. आंब्याचे गणित उलटे. २००७ साली अमेरिकेने लासलगावच्या केंद्राला मान्यता दिली आणि कीड निष्प्रभ केलेला भारतीय आंबा बऱ्याच वर्षांनी तिकडे जाऊ लागला. त्याला ४०० ग्रे लागतात, पण पेटीचा भाव तो खर्च पेलतो. आणि आंब्याचे दिवस तेच, एप्रिल-मेचे, ज्या दिवसांत शेजारच्या बाजार समितीत उन्हाळ कांद्याच्या ट्रॉल्या लिलावाला उभ्या असतात.