उकळणारा दगड आणि तांब्याची जाळी

२०२१ मध्ये, कोविडच्या दुसऱ्या लाटेत, देशभरातील रुग्णालयांत प्राणवायूची संयंत्रे उभी राहिली. त्यांतील झिओलाइटचे दाणे हवेतील नायट्रोजन धरून ठेवत आणि प्राणवायू पुढे जाऊ देत. त्या घाईत या दाण्यांचा मोठा साठा परदेशातून विमानाने आणावा लागला.

झिओलाइटची ओळख मात्र जुनी आहे. १७५६ मध्ये स्वीडिश खनिजशास्त्रज्ञ आक्सेल क्रोनस्टेट यांनी एक खनिज तापवले, तेव्हा छिद्रांतील पाण्याची वाफ होऊन ते फसफसले. ‘उकळणारा दगड’ या अर्थाचे ग्रीक नाव त्याला तेव्हाच मिळाले. दख्खनच्या बेसॉल्टमध्येही अशी खनिजे विपुल सापडतात. विसाव्या शतकाच्या मध्यास ब्रिटनमध्ये रिचर्ड बॅरर आणि अमेरिकेत रॉबर्ट मिल्टन यांनी कृत्रिम झिओलाइट घडवले आणि रेणू चाळणारी चाळणी उद्योगांच्या हाती आली.

दाण्यांना एक मर्यादा आहे. ते भरले की दाब उतरवून रिकामे करावे लागतात. त्याच स्फटिकांचे सलग, पातळ पटल घडवले, तर वायू अखंड वेगळे होत राहतील. पण स्फटिकांमध्ये बारीकशी फट राहिली, तरी वायू न चाळताच तिथून निसटतात. शिवाय असे नाजूक पटल सच्छिद्र आधाराशिवाय टिकत नाही.

सिरॅमिकचा आधार ठिसूळ असतो. धातूचा मजबूत आणि वेल्डिंगने जोडता येणारा. म्हणून १९९३ मध्ये नेदरलँड्समधील डेल्फ्टच्या संशोधकांनी सच्छिद्र स्टेनलेस स्टीलवर झिओलाइटचे पटल वाढवले. मात्र तापल्यावर पोलाद आणि स्फटिक सारखे प्रसरण पावत नाहीत. त्या ताणाने पटलाला तडे जाऊ शकतात.

२००९ मध्ये चीनच्या जिलिन विद्यापीठात निराळी वाट सापडली. तिथे ऑक्सिडीकरण केलेल्या तांब्याच्या जाळीवर तांबेयुक्त धातू-सेंद्रिय चौकट वाढवली गेली. द्रावणाबरोबर जाळीनेही स्फटिकांना तांबे पुरवले, त्यामुळे ते जाळीतच रुजल्यासारखे सलग वाढले. हे पटल नायट्रोजनच्या तुलनेत हायड्रोजनला सुमारे सातपट सहज वाट देत होते. अशा चौकटींच्या विकासासाठीच २०२५ चे रसायनशास्त्राचे नोबेल सुसुमु कितागावा, रिचर्ड रॉबसन आणि ओमर याघी यांना मिळाले.

भारतात २०१८ पासून ‘सतत’ योजनेखाली जैववायूपासून इंधन बनवणारे प्रकल्प उभे राहत आहेत. तिथे मिथेनमधून कार्बन डायऑक्साइड वेगळा करावा लागतो. त्यासाठी स्वस्त, टिकाऊ पटल हवे असेल, तर छिद्राच्या मापाइतकाच स्फटिक आणि आधार यांच्यातील सांधाही अभ्यासावा लागेल, असे हा इतिहास सांगतो.