वहिवाटीपासून अर्जापर्यंत : उपकरणांच्या साधन-मागणीचा इतिहास

संगणकाच्या वाढत्या वेगाचा इतिहास पुष्कळ लिहिला गेला आहे. परंतु यंत्रातील मर्यादित साधनांवर हक्क कोणाचा, आणि तो ठरवावयाचा कोणी, ह्या प्रश्नाचा इतिहासही तितकाच उद्बोधक आहे. संगणकास जोडलेल्या उपकरणास सामान्यतः चार प्रकारची साधने लागतात. आज्ञा व माहिती घेण्यासाठी पोर्टचे पत्ते; स्मृतीच्या पत्त्यांपैकी एखादा पट्टा; प्रक्रियकाचे लक्ष वेधून घेण्यासाठी इंटरप्ट रेषा; आणि प्रक्रियकाच्या मध्यस्थीवाचून स्मृतीत माहिती ने-आण करण्याचा डीएमए मार्ग. ही साधने मोजकी व मागणारे अनेक, अशी स्थिती असल्यामुळे वाटपाचा प्रश्न प्रारंभापासूनच उभा होता. त्याची उत्तरे कालक्रमाने पाहिली असता, हा इतिहास वहिवाटीच्या हक्काकडून अर्जाच्या पद्धतीकडे झालेला प्रवास होय, असे दिसून येते.

१. वहिवाटीचा काळ

आयबीएम कंपनीचा वैयक्तिक संगणक १९८१ च्या ऑगस्टमध्ये बाजारात आला. त्यातील ८२५९ जातीच्या नियंत्रकास आठ इंटरप्ट रेषा होत्या. त्यांपैकी दोन कालमापक व कळफलक ह्यांनी मूळ पाटीवरच व्यापल्या होत्या. बाहेरच्या कार्डांस सहाच उरत. १९८४ च्या एटी नमुन्यात दुसरा नियंत्रक जोडण्यात आला आणि वापरता येण्याजोग्या रेषा पंधरा झाल्या. पोर्टच्या पत्त्यांची स्थितीही अशीच होती. बहुतेक कार्डे पत्त्याचे दहाच बिट वाचीत. त्यामुळे १,०२४ पत्त्यांतच सर्वांना निर्वाह करावा लागे.

ह्या साधनांची वाटणी करणारा कोणीही अधिकारी त्या व्यवस्थेत नव्हता. पहिल्या व दुसऱ्या अनुक्रमिक पोर्टने अनुक्रमे चौथी व तिसरी रेषा घ्यावी, फ्लॉपीने सहावी, छपाईयंत्राने सातवी, असे संकेत रूढ झाले होते. हे संकेत म्हणजे निव्वळ वहिवाट. नवीन कार्ड घेणाऱ्याने माहितीपुस्तिका पाहून कार्डावरील जंपर नावाच्या चिमुकल्या टोप्या हलवावयाच्या, आणि तीच निवड ड्रायव्हरला, म्हणजे उपकरण चालविणाऱ्या आज्ञावलीला, स्वतंत्रपणे कळवावयाची. दोन कार्डांनी एकच रेषा धरली, तर त्या काळच्या आयएसए मार्गावर ती सुरक्षितपणे वाटून घेता येत नसे. त्या मार्गावरील इंटरप्ट रेषेच्या पातळीवरून नव्हे, तर पातळीच्या बदलावरून ओळखला जाई. एकाच्या संकेतामागे दुसऱ्याचा संकेत हरपण्याचा संभव असे. परिणामी दोन्ही उपकरणे अधूनमधून बंद पडत, आणि दोष कोठे आहे हे यंत्र सांगू शकत नसे. अशा रीतीने ज्ञानाचा सर्व भार गिऱ्हाइकावर पडला होता, हे ह्या काळाचे मुख्य वैगुण्य होय.

२. ओळख सांगणारी कार्डे

ह्या वैगुण्यावर पहिला महत्त्वाचा उपाय आयबीएमनेच योजिला. १९८७ च्या पीएस/२ संगणकांतील मायक्रोचॅनेल मार्गावर प्रत्येक कार्डास ओळख-क्रमांक देण्यात आला आणि जंपरांची जागा आज्ञांनी बदलता येणाऱ्या नोंदवह्यांनी घेतली. कार्डाच्या गरजांचे वर्णन मात्र वेगळ्या तबकडीवरील फाइलमध्ये असे. १९८८ मध्ये कॉम्पॅकप्रभृति नऊ कंपन्यांनी ईआयएसए हा प्रतिस्पर्धी मार्ग जाहीर केला. त्यातही रचना ठरविणारी आज्ञावली व वर्णनाची फाइल हीच पद्धत होती. दोन्ही पद्धतींत ओळख कार्डाची, परंतु कैफियत दुसऱ्याच्या हातची, असा प्रकार होता.

कार्डाने आपली मागणी स्वतःच्या मुखाने सांगावी, ही कल्पना जुन्या आयएसए मार्गावर आणली ती इंटेल व मायक्रोसॉफ्ट ह्यांनी १९९३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्लग अँड प्ले प्रमाणकाने. येथे अडचण मूलभूत होती. ह्या मार्गावरील सर्व कार्डे एकाच तारांवर एकाच वेळी ऐकत असतात; मग त्यांतील एकाशीच बोलावयाचे कसे? उपाय असा काढण्यात आला की, प्रत्येक कार्डात ७२ बिटांचा क्रमांक असावा : ६४ बिट ओळखीचे व ८ पडताळणीचे. संगणक एकेक बिट विचारीत जातो. ज्याचा बिट एक आहे ते कार्ड तारांवर ठराविक संकेत मांडते. ज्याचा बिट शून्य आहे ते स्तब्ध राहून ऐकते, आणि दुसऱ्या कोणाचा संकेत ऐकू आल्यास त्या फेरीतून माघार घेते. ७२ बिट संपले म्हणजे एकच कार्ड उरते. त्यास एक लहान क्रमांक देऊन बाजूस ठेवतात व उरलेल्यांसाठी नवी फेरी सुरू होते.

ह्यापुढील टप्पा प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा आहे. ओळख पटलेले कार्ड आपल्या गरजा पर्यायांसह सांगते आणि प्रत्येक पर्यायास उत्तम, चालेल असा, किंवा निकृष्ट, अशी प्रतवारी देते. ‘मला पाचवीच रेषा हवी’ ह्याऐवजी ‘पाचवी मिळाल्यास बरे, न मिळाल्यास सातवी किंवा दहावी चालेल’ अशी भाषा येथे आढळते. हक्काच्या जागी विनंती आली ती ह्या ठिकाणी.

ह्याच सुमारास, १९९२ मध्ये, पीसीआय मार्गाचे पहिले प्रमाणक प्रसिद्ध झाले. त्यावरील प्रत्येक उपकरणास २५६ बाइटांची नोंदवही असते. तीतील पत्त्याच्या रकान्यात सर्व बिट एक लिहून परत वाचले, की कोणते बिट टिकले त्यावरून उपकरणास किती मोठा पट्टा हवा ते कळते. शिवाय येथील इंटरप्ट पातळीवरून ओळखला जात असल्यामुळे एक रेषा अनेकांस वाटून घेता येऊ लागली.

३. मध्यस्थाची स्थापना

मागण्या ऐकल्या, तरी निवाडा कोणी करावयाचा? १९९५ च्या ऑगस्टमध्ये आलेल्या विंडोज ९५ मध्ये हे काम कॉन्फिगरेशन मॅनेजर ह्या घटकाकडे देण्यात आले, आणि साधनाच्या प्रत्येक प्रकारासाठी स्वतंत्र निवाडाकार नेमण्यात आले. विंडोज एनटीची परंपरा मात्र ह्याहून वेगळी होती. १९९६ च्या चौथ्या आवृत्तीतही ड्रायव्हर सुरू होतानाच आपले उपकरण स्वतः शोधी, साधने निवडी आणि ‘मी ही घेतली’ असे कर्नेलला, म्हणजे प्रणालीच्या गाभ्याला, कळवी. संघर्ष असल्यास तो कळे. परंतु पुढाकार घेणाऱ्याचाच राहिला होता.

हा क्रम २००० च्या फेब्रुवारीत आलेल्या विंडोज २००० ने पालटला. ड्रायव्हरने प्रारंभी उपकरणास हात लावावयाचा नाही, असा दंडक घालण्यात आला. मार्गाचा ड्रायव्हर उपकरणांची यादी देतो. प्लग अँड प्ले मॅनेजर प्रत्येकाच्या गरजा विचारतो. उत्तर पर्यायांच्या यादीच्या रूपाने येते : साधनाचा प्रकार, किमान व कमाल पत्ता, लांबी, आणि ते वाटून घेता येईल की नाही. त्यानंतर उपकरणाच्या मुख्य ड्रायव्हरला ह्या यादीत भर घालण्याची वा काटछाट करण्याची संधी मिळते. मात्र खालच्या ड्रायव्हरांचे उत्तर पूर्ण झाल्यावरच त्याने हात घालावयाचा असतो. निवाडा झाला म्हणजे ‘सुरू करा’ ही आज्ञा येते. तिच्यासोबत दोन याद्या असतात : एक मार्गाच्या दृष्टीने, दुसरी प्रक्रियकाच्या दृष्टीने. येथेही मार्गाच्या ड्रायव्हरने आधी उपकरण जागे करावयाचे, आणि मग मुख्य ड्रायव्हरने कामास लागावयाचे.

४. दिलेले परत मागणे

ह्या व्यवस्थेची खरी कसोटी वाटप झाल्यानंतर लागते. यंत्र चालू असताना नवीन उपकरण जोडले गेले आणि त्याच्यापुरती साधने शिल्लक नसली, तर मॅनेजर आधीच्यांस विचारतो : काम थांबविता येईल काय? ड्रायव्हरने होकार दिल्यास येणारी कामे रांगेत धरून ठेवावयाची, थांबण्याची आज्ञा आल्यावर साधने सोडावयाची, आणि नव्या वाटणीसह पुन्हा सुरुवात करावयाची. नकाराचीही मुभा आहे. ज्या तबकडीवर स्मृतीची पाने साठविली जातात तिच्या ड्रायव्हरने नकारच दिला पाहिजे. तसेच थांबल्याने माहिती नष्ट होणार असेल त्यानेही. गटातील एकाने नकार दिल्यास थांबण्याचा विचार रद्द झाल्याचे सर्वांस कळविण्यात येते.

येथे जुनी वृत्ती महाग पडते. कर्नेलमध्ये चालणाऱ्या ड्रायव्हरला संपूर्ण यंत्राच्या स्मृतीत मुक्तद्वार असते. प्रथम मिळालेला पत्ता कायमचा आपला आहे असे धरून, थांबल्यानंतरही जो तेथे लिहीत राहील, तो आता दुसऱ्याच्या झालेल्या जागेत लिहील. त्याचे फळ एका उपकरणापुरते न राहता सबंध यंत्र बंद पडण्यापर्यंत जाऊ शकते. म्हणूनच ‘सुरू करा’ ही आज्ञा एकदाच येत नाही, ती पुन्हापुन्हा येऊ शकते, हे ध्यानी ठेवून ड्रायव्हर लिहिणे अगत्याचे ठरले.

पुढील काळात साधनांची टंचाई पुष्कळ कमी झाली. १९९८ च्या पीसीआय प्रमाणकाने रेषेऐवजी स्मृतीत संदेश लिहून इंटरप्ट देण्याची सोय केली आणि विंडोज विस्टाने, २००७ मध्ये, तिचा अंगीकार केला. तिच्या विस्तारित रूपात एका उपकरणास २,०४८ पर्यंत संदेश मागता येतात. तरीही मागणी, निवाडा, वाटप व प्रसंगी परतावा हा क्रम रद्द झाला नाही. उलट पुलांमागील उपकरणांच्या अनेक पातळ्यांपर्यंत फेरवाटप करण्याची सोय विस्टामध्येच वाढविण्यात आली.

ह्यावरून एवढे स्पष्ट होते की, अर्जाची पद्धत केवळ टंचाईवरचा तात्पुरता तोडगा नव्हती. जंपर हलविणाऱ्या गिऱ्हाइकाच्या माथ्यावरील भार तिने ड्रायव्हर लिहिणाऱ्याच्या शिस्तीवर ठेवला. ही शिस्त जेथे पाळली जाते, तेथे यंत्राच्या मालकास साधनांची नावेही ठाऊक असावी लागत नाहीत. जेथे ती सुटते, तेथे जुना संघर्ष पुन्हा उद्भवतो, आणि तो सोडविण्यास हाताशी जंपरही उरलेला नसतो.