कॉन्टॅक्टर
विहिरीवरच्या पंपाच्या स्टार्टरमधून हिरवे बटण दाबताच ‘खट्‌’ असा आवाज येतो, तो याचा. कॉइलमधून वीज गेली की लोखंडी गाभा चुंबक बनून समोरचा सरकता तुकडा ओढतो आणि त्यावरचे तीन संपर्क मोटारीचे तिन्ही फेज जोडतात. बटण सोडल्यावर कॉइलला वीज मिळते ती कॉन्टॅक्टरच्याच एका जादा संपर्कातून; म्हणून वीज जाऊन परत आली तरी मोटार आपोआप सुरू होत नाही. (शेतकरी ‘ऑटो स्विच’ बसवतात तो यावरच उपाय.) रिलेचे तत्त्व हेच, प्रवाह मात्र थोडा. ५० हर्ट्‌झच्या पुरवठ्यात चुंबकाची ओढ सेकंदाला १०० वेळा ढिली पडते. ती सावरायला गाभ्याच्या तोंडावर तांब्याचे कडे असते. ते तुटले की कॉन्टॅक्टर गुरगुरतो.